आमच्या वसाहतीचं फिरतं बाकडं

आमच्या विक्रोळीच्या वसाहतीत पालिकेकडे काही मागायचं असलं की सगळ्या बिल्डिंगा एक होतात आणि ते मिळालं की त्याच दिवशी फुटतात. कचऱ्याचे मोठे डबे हवेत म्हणून कित्येक वर्षं आमची माणसं वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होती. डबे आले तेव्हा पाच नंबरवाल्यांनी वास येतो म्हणून ते चार नंबरकडे ढकलले. चार नंबरवाल्यांनी आमच्याकडे, म्हणजे तीन नंबरकडे. डब्यांना चाकं होती, त्यामुळे कोणाला फारसे कष्ट पडले नाहीत. पोरं भरधाव स्कूटर चालवतात म्हणून गतिरोधक मागितला. तो झाला तेव्हा रिक्षा आदळल्याच्या आवाजाने दुपारची झोप होत नाही अशी तक्रार आली, आणि ती करणारे गृहस्थ गतिरोधकाच्या अर्जावर पहिली सही करणारे होते. सोय झाली पाहिजे, ती दुसऱ्याच्या दारात झाली पाहिजे आणि आपल्याला हाताशी पाहिजे, एवढंच आमचं साधं म्हणणं असतं. मी स्वतःला यातून वगळत नाही. डबे आमच्या दाराशी आले तेव्हा दोन नंबरकडे ढकलायला मीही एका बाजूने हात लावला होता.

बाकड्याचं प्रकरण सुरू झालं तेव्हा मात्र मी निष्पाप होते. निदान सुरुवातीला तरी.

त्याआधी आईचं सांगायला हवं. गेल्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाटी बदलली. डॉक्टर म्हणाले, आम्ही आमचं काम केलं, आता चालणं हे औषध, रोज थोडं थोडं वाढवा, नाही चाललात तर पाय आखडेल आणि मग आमच्याकडे उपाय नाही. आई म्हणाली, चालते. या बाईने आयुष्यभर पायीच संसार केला आहे. मासळी बाजार, रेशनचं दुकान, माझी शाळा, बाबांची गिरणी बंद पडल्यावर घरोघरी पोचवायचे मसाल्याचे डबे, सगळं पायी. रिक्षा ही तिच्या दृष्टीने बाळंतिणीची आणि पाहुण्यांची वस्तू. त्यामुळे मला चालण्याची काळजी नव्हती.

पण एका सकाळी, मी कामावर असताना, ती काठी घेऊन एकटीच बाजाराच्या दिशेने निघाली आणि अर्ध्या वाटेत तिच्या पायातलं बळ गेलं. बसायला काही नव्हतं. होती ती एका बंद दुकानाची पायरी. ती तिथे टेकली, पदराने घाम पुसला, डोळे मिटून घेतले. ते दुकान देशी दारूचं होतं. आणि नेमकी त्याच वेळी भांडुपची माझी मामी रिक्षातून तिथून गेली. संध्याकाळी मामीचा फोन. "वन्सं, बरं आहे ना सगळं घरी? काही असलं तर मोकळेपणी सांगा हो." आईने फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

त्यानंतर ती खाली उतरेना. बिल्डिंगच्या फाटकापर्यंत यायची आणि परत फिरायची. आईचं एरवीचं बोलणं मुंबईचं आहे, पण राग आला किंवा लाडात आली की ती थेट मालवणीत शिरते. मी फार मागे लागले की म्हणायची, "वाटेत पडलंय तर माका कोण उचलतलो? मी काय गॅसचो सिलिंडर आसंय?" आणि परत सोफ्यावर. पाय लांब करून. मी तिच्या त्या लांब केलेल्या पायाकडे बघायचे आणि मला भीती वाटायची. मी घाटकोपरच्या एका लॅबसाठी सकाळी लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. असे पाय लांब करून बसलेले म्हातारे मी रोज बघते. आज सोफ्यावर असतात, पुढे पलंगावर असतात आणि मग त्यांची मुलं दारातच मला हळू आवाजात सांगतात की आता ते उठत नाहीत. माझी आई त्यातली व्हायला नको होती. बाकी काहीही चाललं असतं.

अशात पालिकेच्या कुठल्याशा योजनेतून आमच्या रस्त्याला बाकडं मिळालं. लोखंडी, हिरव्या रंगाचं, पाठीवर 'ज्येष्ठ नागरिकांसाठी' आणि त्याखाली ज्यांच्या प्रयत्नाने मिळालं त्यांचं नाव, ज्येष्ठ नागरिकांपेक्षा मोठ्या अक्षरांत. टेम्पोतून ते आमच्या तीन नंबरच्या फाटकाबाहेर उतरवलं गेलं. जमिनीत पक्कं करायला ठेकेदाराचा माणूस उद्या येणार होता. तो उद्या पुढे सरकत राहिला.

आईने वरून खिडकीतून बाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "उद्या संध्याकाळी जाऊ या का खाली? बसून येऊ."

मला इतका आनंद झाला की मी त्या नावाच्या माणसाला मनातल्या मनात मत देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने इस्त्रीची साडी नेसली, केसांना तेल लावलं, काठी घेतली. आम्ही जिना उतरलो, फाटकाबाहेर आलो. बाकडं नव्हतं.

तळमजल्यावरच्या मावशी खिडकीतच होत्या. या मावशी म्हणजे आमच्या बिल्डिंगचं बातम्यांचं खातं. मूळ लातूरकडच्या, पालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. बुद्धपौर्णिमेची खीर त्यांच्याकडून आमच्याकडे वर येते आणि गणपतीतले मोदक आमच्याकडून खाली जातात. त्या म्हणाल्या, "चार नंबरच्या म्होरं गेलंय की. सकाळी पाण्याच्या टायमाला नेलं."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? आपल्याच लोकांनी."

पाण्याच्या टायमाला, हे ऐकून मी मनोमन दाद दिली. आमच्याकडे पहाटे पाणी येतं. तेवढा वेळ वसाहतीत जो तो आपापल्या मोरीत असतो, पिंप, बादल्या, कळश्या, आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ज्यांच्या घरी मोठ्या टाक्या आहेत तेवढेच मोकळे. आमच्या सेक्रेटरींकडे मोठी टाकी आहे.

मी तशीच त्यांच्या दारात गेले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही समजून घ्या. बाकडं आलं की पोरं आली. पोरं आली की सिगारेटी आल्या, मोबाइलवर गाणी आली. आपल्या बिल्डिंगमध्ये मुलीबाळी आहेत."

"आणि चार नंबरमध्ये नाहीत?"

"त्यांचं त्यांनी बघावं ना."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. माझी जीभ माझ्या सुईपेक्षा जास्त टोचते असं आई म्हणते. खाली येऊन बघते तर आई फाटकात नव्हती. मी फाटकाबाहेर आले. मग दिसली. चार नंबरच्या भिंतीला एक हात लावत, दुसऱ्या हातातली काठी आपटत, ती बाकड्याकडे निघाली होती. मी धावत तिला गाठलं तेव्हा ती दातओठ खात म्हणाली, "माझ्यासाठी दिलेलो बाक. मेल्यांनी परस्पर नेलो." तिच्यासाठी कोणी वेगळा दिलेला नव्हता. ती जाऊन बाकड्याच्या मधोमध बसली आणि काठी शेजारी आडवी ठेवली, म्हणजे दुसऱ्या कोणाला जागा नको.

त्याच संध्याकाळी मी पालिकेच्या तक्रारीच्या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली. बाकडं मूळ जागी, तीन नंबरसमोर, सिमेंटमध्ये पक्कं बसवून द्यावं. पलीकडच्या मुलीने सगळं नीट लिहून घेतलं. मोबाइलवर मेसेज आला. मी तो सेक्रेटरींना दाखवूनही आले.

पुढे काय झालं ते कोणालाही कळेल. चार नंबरवाल्यांनी बाकडं पाच नंबरकडे नेलं. पाच नंबरने सहाकडे. रोज नाही, पण चार-दोन दिवसांनी एखाद्या पहाटे ते हलायचं. एकदा मी कामाला निघताना ती मिरवणूक प्रत्यक्ष बघितली. बनियन आणि हाफ पँटमधले चार सभ्य गृहस्थ, त्यातला एकच खरं वजन उचलणारा, दोघं नुसते हात लावून आणि चौथा पुढे चालत 'डावीकडे, डावीकडे' करणारा. मला बघून चौथा म्हणाला, "गुड मॉर्निंग ताई, ड्यूटीला का?" मी म्हटलं, "हो. तुमची झाली की सुरू." बाकडं तिथेच टाकून ते क्षणभर चौघेही त्यावर बसले, जणू पहाटेची गार हवा खायला आले होते. मी वळल्यावर मागे लोखंड फरपटल्याचा आवाज आला.

आई मात्र रोज संध्याकाळी तयार. साडी, तेल, काठी. तळमजल्यावर थांबून मावशींना विचारायचं, "आज कुठे आहे?" मावशी सांगायच्या, "सहाच्या कोपऱ्यावर," आणि मग स्वतःच चपला घालून सोबत निघायच्या, कारण त्यांनाही बसायचं होतं. दोघी चालायच्या, मी मागून. वाटेत आई ज्यांनी बाकडं हलवलं त्यांच्या नावाने बोलायची, आणि तेवढ्या रागात तिच्या लक्षातही यायचं नाही की आपण कालच्यापेक्षा एक बिल्डिंग जास्त आलो. पोचल्यावर दोघी अशा बसायच्या जसं गड जिंकला. परतताना मात्र आई दर फाटकाशी थांबून भिंतीला टेकायची. हळूहळू बाकीच्या म्हाताऱ्याही जमायला लागल्या. सहा नंबरच्या एक गुजराती बा, पाचच्या दोघी विहिणी ज्या एरवी एकमेकींशी बोलत नसत. बाकडं चौघींचं आणि बायका सहा-सात, म्हणून कोणी घरातून प्लास्टिकचं स्टूल आणायची. बिचारी पोरं सिगारेट ओढायला जवळसुद्धा फिरकेनात. तिथे बसलं तर सात म्हाताऱ्या एकदम विचारायच्या, तू कोणाचा रे.

एका सकाळी कोणीतरी उलटा डाव टाकला आणि बाकडं पुन्हा चार नंबरसमोर आलं. मी खूश. म्हटलं, आज आईला कमी त्रास. संध्याकाळी मावशींनी पत्ता सांगितला तर आईचा चेहरा पडला. "चारच?" ती म्हणाली. "मग काय लगेच पोचणार." जाऊन बसली खरी, पण अस्वस्थ. जरा वेळाने उठली आणि मावशींना म्हणाली, चला, सहापर्यंत एक फेरी मारून येऊ, हे काय बसणं झालं.

मला तेव्हा अक्कल आली. जे डॉक्टरांना जमलं नव्हतं, मला ओरडून, रडून जमलं नव्हतं, ते आमच्या वसाहतीच्या कोत्या मनाने करून दाखवलं होतं. आईचा पाय या भांडकुदळ लोकांच्या जिवावर बरा होत होता. मी त्या दिवसापासून भांडणं बंद केली. सेक्रेटरी जिन्यात भेटले तर मीच हसून विचारायचे, बरं चाललंय ना, पाठदुखी वगैरे नाही ना. ते घाबरून बाजूला व्हायचे.

बाकडं सात नंबरला पोचलं आणि माझ्या मोबाइलवर मेसेज आला. आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे, उद्या काम केलं जाईल.

मी ती तक्रार साफ विसरून गेले होते. जन्मभर आम्ही बोंबललो की पालिका ऐकत नाही, आणि आता तिने माझं ऐकलं होतं, शब्दन् शब्द. मूळ जागी, तीन नंबरसमोर, सिमेंटमध्ये पक्कं. म्हणजे आमच्या फाटकापाशी. जिना उतरला की बाकडं. मी आईला ओळखते. ती खाली उतरेल, बसेल, मावशींशी बोलेल आणि वर येईल, आणि पावसाळा येईपर्यंत पाय पुन्हा सोफ्यावर जाईल. मी तक्रार मागे घ्यायला फोन केला. पलीकडचा माणूस कोड्यात पडला. "मॅडम, काम होतंय म्हणून तक्रार करताय?" मी म्हटलं, तसंच समजा. तो म्हणाला, ऑर्डर निघाली, उद्या माणसं येणारच.

माणसं खरंच आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी होते. एक मुकादम, दोन कामगार, सिमेंटचं पोतं, घमेलं, पहार. मुकादमाने फाटकात उभं राहून विचारलं, "बाकड्याची तक्रार कोणाची? आणि बाकडं कुठाय?"

बघता बघता गर्दी झाली. आणि सगळ्यात आधी पुढे आले ते आमचे सेक्रेटरी. "इथेच बसवा. हीच मूळ जागा आहे. आमच्या बिल्डिंगला मंजूर झालेलं आहे." मुलीबाळींचं काय, हे मी विचारणार होते. तेवढ्यात चार नंबरचे आले, म्हणाले, आमच्याकडे सावली आहे. पाचवाले म्हणाले, आमच्याकडे ज्येष्ठ जास्त आहेत. सातवाले तर हातात कुलूप-साखळी घेऊनच आले होते. सगळ्यांना एक गोष्ट उमगली होती, की ज्या बिल्डिंगसमोर म्हाताऱ्यांचं बाकडं असतं तिथे पोरंही थांबत नाहीत, कोणी कचराही टाकत नाही आणि आलागेला आयता समजतो. वॉचमनला पगार द्यावा लागतो, या फुकट.

मुकादम वैतागला. "एक काय ते ठरवा. माझा माल कालवलाय, सुकेल. तक्रार कोणाची?"

"माझी," मी म्हटलं. सगळे माझ्याकडे वळले. सेक्रेटरी गोड हसले. आमच्या फाटकाबाहेर नको म्हणावं, तर बिल्डिंगमध्ये राहणं कठीण. हवं म्हणावं, तर आईचा पाय. मी म्हटलं, "तक्रार माझी, पण बसणारी माझी आई. तिला विचारा."

आई मागे उभी होती, मावशींच्या खांद्यावर हात ठेवून. तिने काठी उचलली आणि चालायला लागली. तिच्या बाजूला मावशी, मागे मी, माझ्या मागे घमेलं घेतलेला कामगार, मुकादम आणि चार बिल्डिंगांची कमिटी. चार नंबर गेला, तिथले लोक हिरमुसले. पाच गेला. सहाला गुजराती बा खिडकीतून म्हणाल्या, "अहियां, अहियां," पण आई थांबली नाही. सातला आली, बाकड्यावर टेकली. तिला चांगलाच दम लागला होता. सातवाल्यांनी साखळी खिशात घातली. त्यांना वाटलं, जमलं.

"इथेच ना आजी?" मुकादमाने विचारलं.

आईने श्वास सावरला आणि काठी समोर केली. सातच्या पुढे आठ, नऊ, मग रस्ता वळतो आणि मैदानाचा कोपरा लागतो. तिथे खाडीकडून वारा येतो आणि बाजाराला जाणारी सगळी माणसं तिथून जातात. "थंय," ती म्हणाली. "मैदानाच्या कोपऱ्यार."

मैदान कोणाच्याच दारात नाही. त्यामुळे एकाएकी भांडण संपलं. कमिटीतल्या कमिटीत सगळ्यांचे चेहरे सारखेच उतरले, म्हणून कोणाला फार वाईट वाटलं नाही. मी मात्र घाबरले. हळूच म्हटलं, "आई, अगं, तिथवर तू ऑपरेशननंतर एकदाही गेली नाहीस."

"सिमेंट सुकाक दोन दिवस लागतले मा?" आईने मुकादमाला विचारलं.

"लागतील."

"मग झाला तर. तवसर मी पोचतंय."

मुकादम म्हणाला, "आजी, मग उठा जरा, बाकडं घेऊन जायचंय." ती उठली. दोन्ही कामगारांनी बाकडं उचललं आणि मैदानाकडे निघाले. सगळी कमिटी कोपरा बघायला त्यांच्या मागे गेली, सातवाल्यांच्या साखळीसकट. रस्त्यावर आम्ही तिघी उरलो. मावशी म्हणाल्या, "चला वो, चहा टाकते."

आम्ही परत निघालो. आई वाटभर मुकादमाबद्दल बोलत होती, की पोरगा बरा आहे पण पहार धरायची रीत नाही, आणि मैदानाच्या कोपऱ्यावर बाकडं कुठल्या तोंडाने असावं, म्हणजे येणारे-जाणारेही दिसतील आणि डोळ्यांवर ऊनही येणार नाही. मी हूं हूं करत होते. फाटकाशी आलो, तिने कडी काढली, आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं की आज परतताना ती एकाही फाटकाशी थांबली नव्हती. पूर्ण रस्ता ती कुठेही न टेकता आली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मागे राहून ते पुसलं आणि तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती लगेच बसली असती.